नवं घर तपासून घ्यायचं? काळ्या जमिनीवर बांधणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

यवतमाळ, वर्धा आणि अमरावती जिल्ह्यांतल्या गावांमध्ये फिरून मी लोकांची नवी बांधलेली घरं तपासून देतो. शिक्षण सिव्हिलचं. आधी काही वर्षं ठेकेदारीही केली, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या सबबी पाठ आहेत. फोनवर येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. ते ज्या बोलीत येतात त्याच बोलीत इथे ठेवले आहेत.

नवीन घराले कायची तपासणी? जुनं झालं का पाहू.

जुन्या घरातला दोष लपत नाही. पोपडे पडतात, लोखंड उघडं होतं, पाहुण्यालाही दिसतं. नव्या घराला नुकती पुट्टी आणि रंग लागलेला असतो, त्यामुळे खोटं काम तिथेच सगळ्यात चांगलं झाकलेलं असतं. आणि दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हा प्रश्नही नव्या घरातच विचारता येतो. पाच वर्षांनी ठेकेदार दुसऱ्या तालुक्यात काम करत असतो आणि मिस्त्री पुण्याला गेलेला असतो. बैलजोडी घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो, वखराला जुंपून पाहतो. घर मात्र रंग पाहून ताब्यात घेतो.

मंग तुम्हाले कधी बोलवावं? वास्तूच्या आधी का नंतर?

बहुतेक फोन वास्तुशांतीच्या आठ दिवस आधी येतात. तोवर मला जे पाहायचं असतं त्यातलं निम्मं छपाईखाली, म्हणजे गिलाव्याखाली, गेलेलं असतं.

खरं तर चार वेळा पाहायला हवं. पाया खोदून झाल्यावर, पण त्यात माल, म्हणजे काँक्रीट, पडायच्या आधी. मग स्लॅबचं लोखंड बांधून झाल्यावर. मग छपाईच्या आधी. आणि शेवटी पहिला पावसाळा निघून गेल्यावर. एकदाच पैसे खर्च करणार असाल तर छपाईच्या आधी बोलवा. उघड्या भिंतीत सगळं वाचता येतं. विटांच्या उभ्या सांध्यात माल भरलाय की नुसता वरून फासलाय, दाराखिडकीवरचं लिंटेल दोन्ही बाजूंना भिंतीत नीट शिरलंय का, कॉलमच्या बुडाशी गिट्टी उघडी पडून जाळं झालंय का, इलेक्ट्रिशियनने पाइप बसवायला भिंत किती फोडली. छपाई झाली की यातलं बरंचसं अंदाजावर येतं.

चौथ्या भेटीचा माझा आग्रह जरा हट्टाचाच आहे. शेवटचा हप्ता पहिला पावसाळा जाईपर्यंत देऊच नका, आणि हे काम सुरू होण्याआधी करारात लिहून घ्या. सरकारी कामांत ठेकेदाराच्या बिलातून अशी रक्कम राखून ठेवतातच. पाच ते दहा टक्के ठेवले तरी पुरे. काळ्या जमिनीवरच्या घराने एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहिल्याशिवाय ते पुरं झालं असं मी मानत नाही.

येऊन करता काय दिवसभर?

आधी घरात शिरतच नाही. बाहेरून चारही बाजूंनी फिरतो. जमिनीचा उतार घराकडे आहे की घरापासून दूर, छताच्या पाइपाचं पाणी कुठे पडतं, जोत्याला कुठे ओल चढली आहे, खिडक्यांचे कोपरे कसे आहेत ते पाहतो. मग शिडी लावून छतावर. घरात शेवटी.

आत हत्यारं साधीच असतात. ओळंबा, गुण्या, पाण्याची लेव्हल नळी, टॉर्च, पाच रुपयांचं नाणं. नाण्याने फरशी आणि भिंतीचा गिलावा ठोकत जायचं. भरीव जागेचा आवाज दबका येतो, पोकळ जागेचा डबडब. टॉर्च भिंतीला चिकटवून तिरपा धरला की वाकडी छपाई ढेकळांच्या वावरासारखी दिसते, समोरून पाहिली तर कळतही नाही. सोबत ओल मोजायचं छोटं यंत्र आणि गरज पडली तर काँक्रीटवर ठोकून पाहायचा रिबाउंड हॅमर. दोन खोल्यांच्या घराला तीन तास सहज जातात.

एक सवय मात्र मी मोडत नाही. घरातल्या बाईला सोबत घेतो. मालक खर्चाचे आकडे सांगतो. सकाळी मोरीत पाणी कोणत्या कोपऱ्यात साचतं आणि कोणतं दार पावसात अडतं, ते तिलाच माहीत असतं.

खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीले तिरपी चीर गेली. घर पडते का?

बहुतेक वेळा पडत नाही. पण ती चीर कशामुळे पडली ते समजून घ्यायला हवं.

माझ्याच घराची गोष्ट सांगतो. मी दुसरीकडे साइटवर होतो, म्हणून घराचं काम एका ओळखीच्या ठेकेदाराकडे दिलं आणि पाया पाहायला एकदाच गेलो. पहिल्याच उन्हाळ्यात मागच्या खोलीच्या खिडकीपासून खाली कोपऱ्याकडे चीर गेली. हॅक्सॉ ब्लेडचं टोक आत जाईल एवढी. मी चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली, ३ मे. ऑगस्टमध्ये पाहिलं तर ब्लेड आत जाईना. पुढच्या एप्रिलमध्ये परत जायला लागलं, आणि चीर रेघेच्या चार बोटं पुढे गेलेली. उन्हाळ्यात उघडते आणि पावसात मिटते ती चीर जमिनीची. मिस्त्रीला शिव्या देऊन ती बुजत नाही.

आपली काळी कसदार जमीन कापसाला चांगली, घराला वाईट. तिच्यात मोंटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. ती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात वावरात ज्या भेगा पडतात, ज्यांत काठी घातली तर हातभर खाली जाते, तसंच आकसणं तुमच्या पायाखालीही चालू असतं. फक्त सगळीकडे सारखं नाही. घराच्या मधल्या भागाखाली माती वर्षभर दमट राहते, कडेची मात्र वाळते. म्हणून उन्हाळ्यात कोपरे खाली बसतात आणि पावसात वर उचलले जातात. विटांची भिंत असं वाकणं सहन करत नाही. ती जिथे अशक्त असते तिथे, म्हणजे दाराखिडकीच्या कोपऱ्यात, फाटते.

सगळ्या चिरा जमिनीच्या नसतात. कॉलम आणि विटांच्या जोडावर सरळ उभी चीर असेल तर तिथे छपाईआधी जाळी मारलेली नाही, एवढंच. स्लॅबच्या लगेच खाली आडवी चीर दिसली तर ती उन्हाची. ४५ अंशांच्या वर तापलेला स्लॅब पसरतो, रात्री आकसतो, आणि भिंत त्याच्यासोबत सरकत नाही. भिंतभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा असतील तर छपाईवर पाणी कमी मारलंय किंवा सिमेंट जास्त झालंय. या तिन्ही कटकटी आहेत, धोका नाही. घाबरायचं ते बीम किंवा कॉलमला चीर दिसली तर, किंवा चिरेची एक बाजू दुसरीपेक्षा पुढे आली असेल तर. तेव्हा पेन्सिल राहू द्या, इंजिनियरला बोलवा.

पण आमच्या घराखाली त मुरूम टाकला हाय. तरी?

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. जोत्यात मुरूम भरणं वेगळं आणि पाया मुरमावर टेकवणं वेगळं. काळी माती चार-पाच फूट असेल आणि खाली मुरूम लागत असेल तर पाया मुरमापर्यंत न्यायचा, वादच नाही. माती खोल असेल, मुरूम लवकर लागत नसेल, तर खाली फुगीर बुंधा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब, घेतात, त्यांना अंडर-रीम्ड पाइल म्हणतात. अशा मातीसाठीच रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पद्धत बसवली. खोल काळ्या मातीत हे पाइल निदान साडेतीन मीटर खाली जायला हवेत असं भारतीय मानक सांगतं, कारण त्याखाली ऋतूप्रमाणे ओल फारशी बदलत नाही. वर सगळे पाइल बीमने बांधून घ्यायचे आणि बीमच्या खाली थोडी पोकळी सोडायची, म्हणजे माती फुगली तरी बीमला ढकलत नाही. ती पोकळी मिस्त्री "काम राहून गेलं" समजून भरून टाकतात. मी दोनदा पाहिलंय.

आणखी एक चोरी इथे फार चालते. पाया खोदताना निघालेली काळी माती बाहेर न्यायला ट्रॉलीचं भाडं लागतं. म्हणून ती जोत्यातच परत टाकायची आणि वरून सहा इंच मुरूम पसरायचा. पहिल्या पावसाळ्यात ओल चढली की घराच्या मध्यावरची फरशी पोळीसारखी फुगून येते. तपासताना मी मालकाला विचारतो, खोदलेली माती कुठे गेली? उत्तर आलं नाही तर समजायचं काय ते. भराव थराथराने, वीतभर जाडीचा, पाणी मारून आणि धुमसून व्हायला हवा. हे ज्या दिवशी चालतं त्या दिवशी साइटवर कोणी असेल तरच दिसतं.

घर त झालं आता. पाया बदलत नाही. मंग कराचं काय?

पाण्याची ये-जा सारखी करायची. घराभोवती तीन-चार फूट रुंदीचा, बाहेर उतार असलेला पक्का पट्टा करा. छताचं पाणी पाइपाने लांब सोडा. मोरीचं पाणी भिंतीच्या कडेने वाहतं ठेवू नका. भिंतीला लागून केळी, कर्दळी लावून आळी करू नका. घराजवळ निंब किंवा सुबाभूळ असेल तर मुळं उन्हाळ्यात पायाखालची ओल शोषतात. झाड जितकं उंच तितकं ते घरापासून दूर असलेलं बरं. आहे ते मोठं झाड एका दिवसात तोडून टाकणं मात्र शहाणपणाचं नाही, कारण ओल परत आली की माती फुगते. चिरा लगेच सिमेंटने भरू नका. दोन ऋतू पाहा, मग ताणला जाणारा सीलंट भरा.

स्लॅब बरोबर पडला का, हे खालून समजते का?

बरंचसं समजतं. सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालचे पाट आणि टेकू, काढल्यावर खालून पाहा. वहीच्या रेघांसारख्या समांतर तांबूस रेघा दिसत असतील तर लोखंड खालच्या पाटाला टेकलेलं होतं. स्लॅबमध्ये लोखंडाखाली निदान २० मिलिमीटर काँक्रीटचं पांघरूण हवं, कॉलमला ४०, पायाला ५०. त्यासाठी सिमेंटचे ठोकळे लावतात. आपल्याकडे त्याजागी गिट्टीचा खडा सरकवतात, आणि माल टाकताना पाय पडला की तो निसटतो. पांघरूण नसलं की ओल लोखंडापर्यंत जाते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो आतून काँक्रीट फोडतो. हे पहिल्या वर्षी दिसत नाही, आठव्या वर्षी पोपडा डोक्यावर पडतो.

स्लॅबच्या दिवशी तिथे उभं राहता आलं तर एकच काम करा, पाण्याच्या बादलीवर नजर ठेवा. माल पातळ केला की पसरायला सोपा जातो, म्हणून मजूर वरून पाणी घालतात, आणि जास्तीचं पाणी काँक्रीटची ताकद खातं. पुढची तराई, म्हणजे काँक्रीट पाण्याने ओलं ठेवणं, तर आपल्याच हातात असते. बाजारात आता बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, सिमेंट मिळतं. त्याला दहा दिवस पाणी लागतंच, चौदा दिवस द्यावं अशी शिफारस आहे. मेमध्ये सकाळी स्लॅबवरची आळी पाण्याने भरली की दुपारी चारला कोरडी असतात. त्यामुळे "रोज पाणी मारलं" या वाक्याला माझ्या लेखी अर्थ नाही, दिवसातून किती वेळा ते सांगा.

गळती पाहायची तर छताच्या पाइपांची तोंडं बंद करून दोन इंच पाणी भरा आणि दोन दिवस तसंच ठेवा. पावसाची वाट पाहू नका.

रिबाउंड हॅमरचा एक आकडा दाखवून कोणी "तुमचा स्लॅब पास" म्हणत असेल तर त्यावर विसंबू नका. तो वरच्या थराचा टणकपणा मोजतो, त्यावरून काढलेली ताकद पंचवीस टक्के इकडे तिकडे असू शकते. खात्री हवी असेल तर माल टाकतानाच १५० मिलिमीटरचे ठोकळे भरून घ्या आणि २८ दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून पाहा. सरकारी तंत्रनिकेतनं आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या सिव्हिल विभागांत चौकशी करा.

लोखंडात फसवतात म्हणे. ते कसं ओळखावं?

काट्यावर. आठ मिलिमीटरची सळाख मीटरला ०.३९५ किलो भरते, दहाची ०.६१७, बाराची ०.८८८. म्हणजे बारा मीटर लांबीची, बारा मिलिमीटरची पूर्ण सळाख साडेदहा किलोच्या थोडी वर. पाच-सात टक्क्यांचा फरक चालतो. दहा-बारा टक्के कमी भरली तर परत पाठवा. किराणा दुकानातला काटा पुरतो, त्याला इंजिनियर लागत नाही.

रंग दिला अन् भिंतीतून पांढरे दाणे फुटून राह्यले. हे काय?

वीटभट्टीच्या मातीत चुनखडीचे खडे राहिले की असं होतं. भट्टीत तो खडा जळून चुना होतो, पुढे भिंतीची ओल लागली की फुगतो आणि वरचा गिलावा वाटाण्याएवढा उडवतो. मध्यभागी पांढरा ठिपका, भोवती खळगा. एकदा भिंतीत गेल्या विटा तर फार काही करता येत नाही. फुटायचं थांबेपर्यंत, म्हणजे वर्षभर, पुट्टी-रंग थांबवायचा. विटा घेण्याआधी मात्र पाच-सहा विटा रात्रभर बादलीत बुडवून ठेवायच्या, मग दोन-तीन दिवस तशाच बाहेर ठेवायच्या. चुनखडी असेल तर त्या आपणहून फुटतात.

कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या वीज केंद्रांची राख आहे म्हणून फ्लाय ॲशच्या विटा आता गावोगाव मिळतात. त्यांत ही भानगड नाही, पण ओल्या, कच्च्या विटा लावल्या तर भिंत नंतर आकसून चिरते. दोन विटा एकमेकींवर आपटा. खणखणीत आवाज हवा.

आम्ही अकोल्याकडचे, खारं पाणी. जोत्याजवळ पांढरं पीठ सुटते.

तो लोणा. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे खारपाणपट्ट्यात, बोअरचं पाणी क्षाराचं असतं. त्याच पाण्यात माल कालवला आणि त्याच पाण्याने तराई केली की क्षार भिंतीत राहतात आणि ओलीबरोबर बाहेर येतात. भिंतीला लोणा लागला तर छपाई खराब होते. लोखंड असलेल्या काँक्रीटमध्ये क्लोराइड गेलं तर सळाख गंजते. म्हणून लोखंडाच्या काँक्रीटसाठी लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड असलेलं पाणी चालत नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं. स्लॅब, कॉलम, असं जिथे लोखंड आहे तेवढ्यापुरता गोड पाण्याचा टँकर आणा. बाकी कामाला बोअर वापरलं तरी निभावतं. पीठ पुसून वर रंग मारणं म्हणजे घामावर पावडर.

लाइटचं काम त दिसतेच की. बटन दाबलं, बल्ब लागला.

बल्ब लागणं ही सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट. मला कूलरचा सॉकेट पाहायचा असतो.

पत्र्याचा कूलर, आत पाण्याचा पंप, खाली ओली फरशी, आणि अनवाणी मूल. विदर्भात दर उन्हाळ्यात या जोडणीतून माणसं दगावतात. सॉकेटला तीन भोकं असतात. वरच्या मोठ्या, अर्थिंगच्या भोकाच्या मागे पाहिलं तर कितीतरी नव्या घरांत तारच नसते. कधी तार असते पण ती न्यूट्रलला बांधलेली. अर्थिंगचा खड्डा दाखवा म्हटलं की अंगणात एक पाइप दाखवतात, खाली काही जोडलेलंच नसतं. इलेक्ट्रिशियनला समोर उभं करून टेस्ट लॅम्पने फेज आणि अर्थ यांत दिवा लागतो का ते बघा. हे स्वतः करू नका. मुख्य बोर्डात ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, हवी. तिच्यावरचं टेस्टचं बटण दाबलं की खटकन बंद पडली पाहिजे. पंखे-दिव्यांना दीड, सॉकेटला अडीच आणि मोठ्या मोटारीला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार. आकडा तारेवरच छापलेला असतो. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी टाका, वाळलेली जमीन वीज नीट घेत नाही.

सगळ्या तपासणीत एकच गोष्ट फुकट करून द्यायची झाली तर मी ही देईन.

संडासचा खड्डा भरून वर येते पावसाळ्यात.

काळी माती पाणी मुरू देत नाही. दोन शोषखड्ड्यांचा संडास चांगलाच, पण अशा जमिनीत खड्डा मोठा हवा आणि भोवती मुरूम-वाळूची जाड भर हवी. पाइपाला उतार आहे का ते एक बादली पाणी ओतून कान लावून ऐका, गुडगुड थांबून येत असेल तर मध्ये कुठेतरी पाइप झोपला आहे. विहीर आणि बोअरपासून लांब, हे सांगायला नको.

फरशी, दारं, खिडक्या?

मोरीत आणि संडासात बादलीभर पाणी ओता, सगळं जाळीकडे गेलं पाहिजे. फरशी नाण्याने वाजवा. दारं पावसाळ्यात फुगतात, म्हणून खालून नखभर जागा हवी. यात घरमालक स्वतःच माझ्याइतका हुशार असतो.

उधई?

सागवानी चौकट आहे म्हणून निर्धास्त राहू नका, उधई, म्हणजे वाळवी, सालीकडच्या पांढऱ्या लाकडाला लागतेच. औषध जोतं भरतानाच मारायचं असतं. नंतर फरशीच्या कडेने भोकं पाडून मारता येतं, पण महाग पडतं. सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे आणि झाडांची मुळं जोत्यात गाडली गेली असतील तर तुम्ही तिला जेवायलाच बसवलंय.

आमचं घरकुल हाय. त्याले सरकार तपासते ना?

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये हप्ता सोडण्याआधी घराचे जिओ-टॅग केलेले, म्हणजे जागेची नोंद असलेले, फोटो काढतात. त्यातून काम कुठपर्यंत आलं ते कळतं. कसं झालं, ते नाही. सपाट प्रदेशात योजनेची मूळ रक्कम १ लाख २० हजार रुपये, वर रोजगार हमीतून नव्वद दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे बारा हजार, घर निदान २५ चौरस मीटर. एवढ्या पैशांत तपासणीची फी काढा असं मी सांगणार नाही. या योजनेत घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचं असतं, ठेकेदार लादता येत नाही, ही गोष्ट मात्र पक्की धरा. गावात पाच-सात घरकुलं एकाच वेळी चालू असतील तर सगळ्यांनी मिळून पायाच्या दिवशी एकदा इंजिनियर बोलवा. एका चकरेत सात खड्डे पाहून होतात आणि खर्च वाटला जातो.

ठेकेदार भावकीतलाच हाय. त्याले कसं सांगाव तपासणार म्हणून?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात, आणि यालाच माझ्याकडे छापील उत्तर नाही. सौदा ठरतानाच सांगा, ते सर्वांत सोपं: "भाऊजी, बँकेच्या कर्जासाठी इंजिनियरचा कागद लागणार आहे." नंतर सांगितलं तर संशय वाटतो. आणि तपासणीच्या दिवशी त्याला हजर ठेवा. पाठीमागे केलेल्या तपासणीचं भांडण होतं. समोर केली तर अर्ध्या गोष्टी तो त्याच दिवशी दुरुस्त करून देतो. चांगल्या ठेकेदाराला तपासणी आवडते, पुढच्या गिऱ्हाईकाला तो तोच कागद दाखवतो.

इंजिनियर कोठून आणाव? फी किती?

सिव्हिलची पदवी किंवा पदविका, बांधकामाचा अनुभव, आणि तुमच्या ठेकेदाराशी धंद्याचं नातं नसलेला माणूस. तिसरी अट तालुक्यात पाळणं अवघड असतं, म्हणून शेजारच्या तालुक्यातला पाहा. बीम-कॉलमचा प्रश्न असेल तर स्ट्रक्चरल इंजिनियरच हवा. फी ठरलेली नसते. किती वेळा येणार, अहवाल लिहून देणार का, येण्याजाण्याचा खर्च कोणाचा, हे आधी बोलून घ्या. "दुरुस्ती मीच करून देतो" म्हणणाऱ्याला तपासायला बोलवू नका, त्याला प्रत्येक भिंतीत काम दिसेल.

अहवाल कागदावर घ्या. प्रत्येक दोषाचा फोटो, जागा, कारण, तारीख, आणि लगेच करायचं काय व थांबलं तरी चालेल ते काय. "काम समाधानकारक" असं एका ओळीत लिहिलेला कागद बँकेला चालेल, पण घराचा दोष त्यातून कळत नाही.

दोष निघाला. ठेकेदार फोन उचलत नाही. पुढे?

आधी अहवाल जोडून लेखी पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, मुदत द्या. व्हॉट्सॲपवरचं बोलणं, पैसे दिल्याच्या नोंदी जपून ठेवा.

स्वतःच्या जागेवर ठेकेदाराकडून बांधून घेतलं असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ लागू होतो, घरबांधणी ही त्यात सेवाच धरली आहे. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात, तीही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं. चौकशीसाठी १९१५ वर फोन करता येतो.

तालुक्याच्या गावात बिल्डरकडून रो-हाउस किंवा फ्लॅट घेतला असेल तर रेराचा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा, कायदा पाहा. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला आणि तुम्ही कळवलं, तर बिल्डरने तो तीस दिवसांत बिनखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या नसलेल्या जागेच्या किंवा आठपर्यंत घरांच्या प्रकल्पांना नोंदणीची सक्ती नाही, आणि आपल्याकडचे बरेच बिल्डर नेमके तेवढ्यातच बसतात. तेव्हा आधी नोंदणी क्रमांक विचारा. हा कायदा राबवणाऱ्या महारेराचं कार्यालय नागपूरलाही आहे.

आमचं भंडाऱ्याकडं घर हाय. तिथं काळी जमीन नाही, मंग हे सगळं लागू हाय का?

चिरांचा धडा तितका नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत पाऊस आमच्यापेक्षा बराच जास्त आणि आजूबाजूला धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या. तिथे जोत्याची उंची, जोत्यावरचा ओल अडवणारा थर आणि छताचा उतार यांकडे आधी बघा. जुन्या कवेलूच्या, म्हणजे कौलारू, घराला लागून नवा स्लॅब टाकला असेल तर दोन्हींच्या जोडातून गळणारच. तो सांधा मी सगळ्यात आधी तपासतो.

पावसाळ्यात आमच्या गावाले गाडी येत नाही. कधी येता मंग?

पोळा झाला की फोन करा, दसऱ्याच्या आत येतो. तोवर भिंतीवरचे पाण्याचे डाग पुसू नका, चिरा बुजवू नका, नवा रंग देऊ नका. चिरांच्या टोकांना पेन्सिलने रेघ आणि तारीख घालून ठेवा. आणि छतावर चढायला एक धड शिडी मागून ठेवा. मागच्या वेळी बाजेवर खुर्ची ठेवून चढलो होतो.